बेडूक, बी.एस्सी. आणि बाब क्रमांक

ऐंशी-नव्वदच्या दशकात प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या कोणालाही विचारा, प्रॅक्टिकलच्या खोलीचा वास त्याच्या नाकात अजून असतो. क्लोरोफॉर्म आणि फॉर्मॅलिन यांचा, डोळ्यांना झोंबणारा. समोर तळाशी मेण ओतलेला पत्र्याचा ट्रे, त्यात पाण्याखाली उताणा टाचलेला बेडूक, हातात चिमटा आणि बारीक कात्री, शेजारी टोक काढून ठेवलेली पेन्सिल. वरच्या वर्गात स्कोलिओडॉन. नाव भारदस्त, पण प्राणी ओळखीचा: कोळणीच्या टोपलीतली छोटी मुशी. तिच्या डोक्यातल्या नसा एकही न तोडता मोकळ्या करून दाखवायच्या. नस तुटली की परीक्षकासमोर मार्कही तुटले.

आज तो ट्रे कपाटात आहे. बेडकाची जागा आकृत्यांनी, प्रतिकृतींनी आणि संगणकाच्या पडद्याने घेतली. पण बेडूक काही आपणहून उडी मारून बाहेर पडला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. पदवीच्या मुलांनी स्वतः चिरफाड करू नये, फार तर शिक्षकाने एखाद्या प्राण्याची करून दाखवावी, आणि प्रत्येक संस्थेत यावर देखरेख करणारी समिती असावी, असा त्यांचा आशय. २०१४ मध्ये आयोगाने बंदी पूर्ण केली. दिल्लीचा कागद निघाला म्हणून कॉलेजातला ट्रे मात्र लगेच हलत नाही. कागद आधी विद्यापीठात येतो, मग प्राणिशास्त्राच्या अभ्यास मंडळापुढे जातो. मंडळ प्रॅक्टिकलांची यादी नव्याने लिहिते. ती यादी विद्याशाखेपुढे, तिथून विद्या परिषदेपुढे जाते. तिथे संमत झाली की परिपत्रक निघते आणि मग प्राचार्यांच्या टेबलावरून ते प्रयोगशाळा सहायकाच्या हातात पडते. ज्या माणसाने वीस वर्षे बेडूक पुरवले, त्याला बातमी सगळ्यात शेवटी कळते.

या पायऱ्या कोणी बांधल्या आणि कशासाठी, याची गोष्ट मुंबई विद्यापीठाच्या कागदपत्रांइतकीच जुनी आहे. तिची सुरुवात एका गमतीशीर अभावाने होते. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला, तेव्हा त्यात विज्ञानाची विद्याशाखाच नव्हती. कला, कायदा, वैद्यक आणि स्थापत्य अभियांत्रिकी, एवढ्याच चार. कारण सरळ होते. हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतले होते आणि खुद्द लंडनमध्ये तोवर विज्ञानाची पदवी नव्हती. मायकेल फॅरडेसारखा माणूस लंडनच्या सिनेटवर बसत होता, तरीही नव्हती. तिथल्या शास्त्रज्ञांनी मागणी लावून धरली, १८५८ मध्ये नवी सनद मिळाली आणि १८६० मध्ये लंडनने बी.एस्सी.ची पहिली परीक्षा घेतली. मुंबईचा साचा ओतून झाल्यावर वर्षभरातच मूळ साचा बदलला!

म्हणून त्या काळात शास्त्र शिकायचे ते कला शाखेच्या वळचणीला उभे राहून. पुण्यात केरूनाना छत्रे गणित आणि सृष्टिशास्त्र शिकवत. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारा हा माणूस आजच्या भाषेत अस्सल सायन्स फॅकल्टी, पण त्यांचे विद्यार्थी बाळ गंगाधर टिळक गणितात पहिल्या वर्गात आले ते बी.ए. म्हणून. गणित, रसायन, पदार्थविज्ञान हे बी.ए.चे विषय होते आणि त्यांचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांत वकील, न्यायाधीश, पाद्री आणि सनदी अधिकारी यांचा भरणा होता.

ठरवण्याची रीतही पाहण्यासारखी होती. कुलपती म्हणजे मुंबईचा गव्हर्नर. त्याच्याखाली कुलगुरू आणि सरकारने नेमलेले फेलो, हे सगळे मिळून सिनेट. सिनेटचे फेलो विद्याशाखांमध्ये वाटलेले, विद्याशाखांनी निवडलेले थोडे लोक सिंडिकेटवर. रोजचा कारभार सिंडिकेटचा, नियम करण्याचा अधिकार सिनेटचा. आणि सिनेटने केलेला प्रत्येक नियम गव्हर्नर-इन-कौन्सिलची मान्यता मिळेपर्यंत कच्चाच. थोडक्यात, परीक्षेला कोणता विषय घ्यायचा हे ठरवायलाही शेवटची सही सरकारची लागे. अभ्यासक्रमावर सरकारचे बोट आजकाल पडायला लागले, असे ज्यांना वाटते त्यांनी हे कलम जरूर वाचावे.

विद्यापीठाचे काम परीक्षा घेण्याचे, शिकवण्याचे नव्हे. शिकवायचे ते एल्फिन्स्टन, डेक्कन, विल्सन, सेंट झेवियर्स अशा कॉलेजांनी. त्यामुळे ‘अभ्यासक्रम’ म्हणजे खरे तर परीक्षेत काय विचारता येईल त्याची यादी. ही सवय इतकी मुरली की आजही प्राध्यापक नवा सिलॅबस हातात आला की आधी शेवटचे पान उलटतात: पेपरचा आराखडा काय आहे?

विज्ञानाची स्वतंत्र पदवी मुंबईत आली ती १८८० च्या आसपास, सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस. भारतात ती आणणाऱ्यांत मुंबई आघाडीवर होती. कलकत्त्याला त्या वेळी विज्ञानाचे विषय बी.ए.च्याच एका पर्यायी शाखेत शिकवले जात. पण पदवी जाहीर करणे सोपे आणि प्रयोगशाळा उभारणे महाग. पुढची कित्येक वर्षे ही पदवी कागदावर भक्कम आणि वर्गात तुरळक अशीच राहिली. सिनेट नियम संमत करू शकते. बन्सनचा बर्नर, तराजू आणि गॅसची नळी संमत करू शकत नाही. अभ्यासक्रमाच्या इतिहासात हे दुखणे पुन्हा पुन्हा डोके वर काढते.

मग आले लॉर्ड कर्झन. १९०१ मध्ये सिमल्याला परिषद, १९०२ मध्ये टॉमस रॅले यांच्या अध्यक्षतेखाली आयोग आणि १९०४ मध्ये भारतीय विद्यापीठ कायदा. तोवर फेलोशिप हा मानाचा तुरा झाला होता आणि फेलो शेकड्यांत मोजावे लागत. कर्झनने मुंबई, कलकत्ता, मद्रास या जुन्या विद्यापीठांना फेलोंची मर्यादा घातली: कमीत कमी पन्नास, जास्तीत जास्त शंभर. त्यांतले दहा नोंदणीकृत पदवीधरांनी निवडायचे, दहा विद्याशाखांनी, आणि उरलेले सगळे कुलपतींनी नेमायचे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात या विधेयकाला कडाडून विरोध केला. विद्यापीठ सरकारी खाते होईल, हा त्यांचा आक्षेप होता. मुंबईत फिरोजशहा मेहतांच्या गटाने नव्या रचनेतली कायदेशीर भोके हेरली, प्रकरण हायकोर्टात गेले, तेव्हा सरकारने १९०५ मध्ये आणखी एक कायदा करून झालेल्या सगळ्या गोष्टी वैध ठरवून टाकल्या. गोखल्यांना पुन्हा उभे राहून विरोध करावा लागला. मुकाबला असमान होता. खटला चालू असताना कायदाच बदलण्याची सोय फक्त एका पक्षाकडे होती.

पण याच कायद्याने एक गोष्ट दिली, तिचे श्रेय द्यायला हवे. विषयवार अभ्यास मंडळांना नियमांत जागा मिळाली. फेलो नसलेला पण विषय जाणणारा शिक्षक मंडळावर बसू लागला. नेमलेल्या फेलोंपैकी निदान दोन पंचमांश शिक्षणाच्या क्षेत्रातले असावेत, अशीही अट आली. रसायनाचे पुस्तक कोणते लावायचे हे ठरवताना रसायन शिकवणारा माणूस खोलीत असणे, ही साधी गोष्ट व्हायला जवळपास अर्धे शतक लागले.

१९०७ मध्ये सर जॉर्ज क्लार्क, म्हणजे पुढचे लॉर्ड सिडनॅम, गव्हर्नर झाले. अभ्यासक्रम सुधारा, विज्ञानाकडे वळा, हा त्यांचा धोशा. सिनेटमध्ये त्यावर वर्षानुवर्षे वाद झडले. सर्वांत रंगलेला वाद विज्ञानाचा नव्हता, इतिहासाचा होता: बी.ए.ला इंग्लंडचा इतिहास सक्तीचा असावा की नसावा? सक्ती काढण्याच्या विरुद्ध उभे राहिले कोण, तर फिरोजशहा मेहता. राजाचे हक्क प्रजेने कसे कापत नेले हे जिथे वाचायला मिळते, ते पुस्तक हिंदी मुलांच्या हातातून का काढता, असा त्या विरोधाचा रोख होता. अभ्यासक्रमातली एक ओळ किती राजकारण वाहून नेते, याचा इतका चोख दाखला दुसरा सापडणे कठीण.

सिडनॅम यांचा विज्ञानाचा ध्यास मात्र दगडात उतरला. सर कावसजी जहांगीर, जेकब ससून, करीमभाई इब्राहीम आणि वसनजी मूलजी यांच्या देणग्यांतून मुंबईत विज्ञान संस्थेची इमारत उभी राहू लागली. आराखडा जॉर्ज विटेट यांचा, पायाभरणी १९११ ची. मध्ये पहिले महायुद्ध आले आणि इमारत जखमी सैनिकांच्या कामी आली. संस्था सुरू झाली १९२० मध्ये. काळ्या घोड्याजवळ तिचा तो गोल घुमट आजही दिसतो. बी.एस्सी. कागदावर आल्यापासून चाळीस वर्षांनी तिला शोभेलसे घर मिळाले.

त्या काळात मुंबई विद्यापीठाच्या एका ठरावाचा पल्ला किती होता, हे आज चटकन ध्यानात येत नाही. फोर्टमध्ये, राजाबाई टॉवरच्या सावलीत, रसायनाच्या प्रॅक्टिकलला कोणते क्षार ओळखायला द्यायचे हे ठरले, की तेच क्षार कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजात, अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये आणि धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात परीक्षानळीत पडायचे. एवढ्या मुलखात एकच यादी चालायची म्हटल्यावर बदलाला घाई चालणार कशी? कराचीत जे उपकरण नाही ते सक्तीचे करून भागत नव्हते. यंत्रणा संथ होती हे खरे, पण त्या संथपणाला असा एक हिशेब होता.

१९२४-२५ मध्ये चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती बसली आणि तिच्या शिफारशींमधून १९२८ चा मुंबई विद्यापीठ कायदा आला. त्यात अॅकॅडेमिक कौन्सिल, म्हणजे आजची विद्या परिषद, जन्माला आली. अभ्यासाच्या गोष्टी अभ्यासकांनी पाहाव्यात आणि सिनेटने पैशाचे, धोरणाचे बघावे, ही त्यामागची विभागणी. अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद ही तीन पायऱ्यांची उतरंड तेव्हापासून ओळखीची झाली. आणखी पाच वर्षांनी, १ ऑक्टोबर १९३३ रोजी, विद्यापीठाने स्वतःचा रसायन तंत्रज्ञान विभाग काढला: एक अभ्यासक्रम कापड रसायनाचा, दुसरा रासायनिक अभियांत्रिकीचा. गिरण्यांच्या शहरात गिरणीच्या रंगाचे शास्त्र. सुरुवातीला तो विज्ञान संस्थेच्याच इमारतीत बिऱ्हाडाला होता, माटुंग्याला स्वतःच्या जागेत गेला १९४३ मध्ये. फक्त परीक्षा घेणारे विद्यापीठ आता स्वतः शिकवू लागले आणि नवा विषय संमत करताना बाहेरच्या कारखान्यात काय चालले आहे ते पाहू लागले. मुंबईच्या विज्ञानाच्या इतिहासातला हा सर्वांत शहाणा ठराव म्हणायला हरकत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुलूख वाटला गेला. १९४९ मध्ये पुणे, मग शिवाजी १९६२. उलट मुक्तीनंतर गोवा मुंबईच्या छत्राखाली आला. मडगावचे चौगुले आणि पणजीचे धेंपे ही कॉलेजे १९६२ मध्ये निघाली ती मुंबईचा सिलॅबस घेऊन, आणि १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू होईपर्यंत तिथल्या मुलांच्या बी.एस्सी.चा निर्णय फोर्टात होत राहिला. मधल्या काळात १०+२+३ आले. १९७५ मध्ये दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली आणि ‘इंटर सायन्स’ नावाची ती धडकी भरवणारी पायरी, जिच्यावर डॉक्टर की इंजिनीअर हे ठरे, हळूहळू इतिहासजमा झाली. घरोघरच्या आजोबांचे पराक्रम तेवढे तिच्यावर अजून टिकून आहेत.

कायदेही बदलत गेले: १९५३, १९७४, मग राज्यातल्या विद्यापीठांना मिळून एकच १९९४ चा, आणि आता २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा. प्रत्येक वेळी वरच्या मजल्याची डागडुजी झाली. सिनेटची अधिसभा झाली, सिंडिकेट जाऊन व्यवस्थापन परिषद आली, निवडून किती आणि नेमून किती यावर आंदोलने झाली. २०१६ च्या कायद्याने विद्याशाखा चारवर आणल्या आणि विज्ञानाला तंत्रज्ञानाशी एका दावणीला बांधले. वनस्पतिशास्त्र, अभियांत्रिकी आणि औषधनिर्माण आता एकाच अधिष्ठात्यांच्या पदराखाली. तळमजल्यावरच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीचा रंग मात्र फारसा पालटलेला नाही.

ती बैठक जवळून पाहण्याजोगी असते. लांब टेबल, चहा, बिस्किटे, आधीच्या बैठकीचे इतिवृत्त कायम करणे. मग खरे काम. मुंबईत क्रेडिट पद्धत आल्यावर बी.एस्सी.च्या एका पेपरचे ठरावीक घटक आणि प्रत्येकाचे पंधरा तास, असा साचा बसला. आता या पंधरा तासांत काय मावेल? एक सदस्य म्हणतो, ‘क्वांटम’ला आणखी पाच तास द्या. दुसरा विचारतो, मग कोणाचे काढू? तिसरा ग्रामीण भागातल्या कॉलेजातून आलेला असतो. तो शांतपणे सांगतो, आमच्याकडे हे उपकरण नाही, पर्यायी प्रयोग लिहा. पर्यायी प्रयोग लिहिला जातो. एखादे प्रकरण गळाले की ते शिकवणाऱ्याचा कार्यभार कमी होतो, कार्यभार कमी झाला की पद धोक्यात येते, हे कोणी मोठ्याने बोलत नाही; सगळ्यांना ते ठाऊक असते. शेवटी संदर्भग्रंथांची यादी. तीत तीस वर्षांपूर्वीचे एक पुस्तक हमखास राहते, कारण ते प्रत्येक ग्रंथालयात आहे.

निर्णय होतो तो इथेच. विद्याशाखेच्या बैठकीत अशा डझनावारी बाबी असतात आणि विद्या परिषदेत त्याहून जास्त. भौतिकशास्त्राच्या पेपरावर विधीचा प्राध्यापक काय बोलणार? बाब वाचली जाते, ‘संमत’ म्हटले जाते, पुढची बाब येते. वरच्या पायऱ्यांचे काम ज्ञान तपासण्याचे राहिलेले नाही. त्या मुद्रा उमटवतात. हे वाईटच आहे असे नाही. अभ्यासक्रमाच्या तपशिलाशी वरच्यांनी न खेळणे, ही १९०४ पूर्वीच्या सिनेटशी तुलना करता प्रगतीच म्हणायची. पण मग तळाच्या मंडळावर कोण बसतो, याला जेवढे महत्त्व द्यायला हवे तेवढे कोणत्याच कायद्याने दिले नाही. खरी खोट तिथे आहे.

बदल संमत झाला तरी तो एका झटक्यात लागू होत नाही. या वर्षी एफ.वाय., पुढच्या वर्षी एस.वाय., त्यापुढे टी.वाय. शिवाय ए.टी.के.टी. घेऊन मागे राहिलेल्यांसाठी जुन्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा घेत राहाव्या लागतात. त्यामुळे एकाच इमारतीत एकाच विषयाचे जुना आणि नवा असे दोन संसार काही वर्षे सुखाने नांदतात.

पायऱ्या टाळण्याची एक वाटही कायद्यातच आहे. तातडीचे काम असेल तर कुलगुरूंनी प्राधिकरणांच्या वतीने निर्णय घ्यावा आणि नंतर त्यांच्यापुढे ठेवावा. १९९४ च्या कायद्यात हे कलम १४(७) होते, आता १२(७). पूर, परीक्षा, महासाथ अशा वेळी ते उपयोगाचे. पण २०१० मध्ये रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी मुंबईच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमातून काढली गेली तीही तातडीच्या अधिकारातच. जिला आत यायला तीन पायऱ्या चढाव्या लागल्या, ती बाहेर एका सहीने गेली.

विज्ञानाच्या वाट्याला याहून वेगळा प्रसंग २००१ मध्ये आला. अनुदान आयोगाने ‘ज्योतिर्विज्ञान’ या नावाने फलज्योतिषाचे विभाग काढण्यासाठी विद्यापीठांकडून प्रस्ताव मागवले आणि पदव्या सुचवल्या त्या बी.एस्सी., एम.एस्सी. पुण्यातून जयंत नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञांनी उघड विरोध केला. पुष्पमित्र भार्गव कोर्टात गेले. मे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. अभ्यासक्रम ठरवणे हे तज्ज्ञांच्या मंडळाचे काम, कोर्टाने त्यात पडू नये, ही त्यामागची भूमिका. म्हणजे चेंडू पुन्हा त्याच लांब टेबलावर, चहा-बिस्किटांशेजारी.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचे पर्व आहे. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या पदवीला १६० ते १७६ क्रेडिट ठरवून दिले. मेजर, मायनर, कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली यांच्या टोपल्या वरून आल्या. कोणत्या टोपलीत किती भरायचे तेही वरूनच आले. मंडळाच्या हातात उरले ते टोपलीत काय घालायचे एवढेच. १८५७ चा गव्हर्नर-इन-कौन्सिल झालेल्या नियमावर शेवटी सही करत असे. आता सही आधी येते आणि नियम नंतर लिहिला जातो.

ज्यांच्या घरात बी.एस्सी.चे कोणी असेल त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्याच्या सिलॅबसची पीडीएफ उघडून पहिले पान पाहावे. तिथे विद्या परिषदेच्या बैठकीची तारीख आणि बाब क्रमांक छापलेला असतो. अनेकदा तो चाराने सुरू होतो आणि दशांशचिन्हानंतरचा आकडा पन्नासच्या पुढे गेलेला दिसतो. त्या एका दिवशी आधीच्या सगळ्या बाबी संमत होऊन मग या पेपराची पाळी आलेली असते.